पाहुण्याची चाल

६ मार्च

केंद्रातल्या बाई सकाळी पिल्लू देऊन गेल्या. अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री त्यांच्या केंद्रात तयार होतात. पहिलं वर्ष मात्र ती घरांमध्ये वाढवायला देतात, म्हणजे त्यांना माणसांची, गाड्यांची, गोंगाटाची सवय होते. माझी मुलगी अंधशाळेत गणित शिकवते. तिनं आमचं घर सुचवलं. मला विचारलं, ते सगळं ठरून गेल्यावर.

वर्षानंतर बाई त्याची चाल तपासणार. सरळ निघाली तर पुढचं शिक्षण. नाही निघाली तर केंद्र त्याला पुढे शिकवणार नाही, दुसरं घर बघून देऊन टाकणार.

चाल हा माझाच विषय आहे, असं मी त्यांना सांगितलं. आमचं खाली दुकान आणि वर घर. दुकानात मी पायात खोट असलेल्यांचे बूट करतो. पाय आखूड असेल तर तळव्यात कॉर्कचा थर चढवतो. पाऊल आत वळत असेल तर कडेला पाचर देतो. माझ्या दुकानातून कोणी लंगडत बाहेर पडत नाही. मी हे बोलत होतो तेव्हा मुलगी खोलीत इकडून तिकडे फिरत पिल्लासाठी पाणी, फडकं, टोपली आणत होती. बाई तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांना काही कळलं नाही. कुणालाच कळत नाही. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा अंगठ्याच्या पेराएवढा आखूड आहे. तेवढा फरक मी तिच्या डाव्या बुटात भरून काढलेला आहे.

पिल्लू तांबूस, थोराड जातीचं. पंजे अंगाच्या मानानं फार मोठे, दुसऱ्या कुणाचे बूट घालून आल्यासारखे.

९ मार्च

नाव केंद्र ठेवणार आहे. बायको म्हणाली, परत जायचंच आहे तर लळा नको, आपण त्याला पाहुणाच म्हणू. हे सांगून झाल्यावर तिनं पाहुण्याला स्वतःच्या ताटातलं भरवलं.

२२ एप्रिल

खाणं मोजायला केंद्रानं एक भांडं दिलं आहे. बायकोच्या मते ते कुणा कंजूष माणसानं घडवलेलं आहे. ती भांड्याबाहेरून दूध देते, अंडं देते. तिच्या गुडघ्यांसाठी मिळालेली कॅल्शियमची गोळी चुरून रोज त्याच्या दुधात टाकते. हाडं भक्कम व्हायला हवीत, असं तिचं म्हणणं. मला पटलं. पाया भक्कम हवा, हे मी गिऱ्हाइकांना उठता बसता सांगतो.

पाहुणा माझ्या बाकाखाली झोपतो. चामड्याला अजून तोंड लावलेलं नाही. रापीनं चामडं कापताना तो माझ्या हाताकडे बघतो. शिकाऊ पोरं इतकं बघत नाहीत.

१७ जुलै

शेजारच्या दुकानातला घड्याळजी रोज एकदा दारात उभा राहून पाहुण्याला निरखतो आणि काहीतरी बोलून जातो. आज म्हणाला, याला खोगीर शिवायला घे. बायकोला राग आला. मला मजा वाटली. रस्त्यातून नेताना लोक वळून बघतात. वयाच्या मानानं फार वाढला आहे. असा बांधा दुसऱ्या कुठल्या घरातून त्या केंद्रात गेला असेल, असं वाटत नाही.

३ ऑगस्ट

सकाळी उठताना पाहुणा आखडल्यासारखा वाटला. आधी पुढचे पाय ताणले, मग थांबला, मग मागचा भाग उचलला. म्हाताऱ्या माणसासारखा. जिना उतरताना पुढचा डावा पाय टेकवायला काचकूच करत होता. पंजा उघडून पाहिला. काटा नाही, खडा नाही, नखं ठीक. दुपारी चांगला होता. संध्याकाळी पुन्हा लंगडला.

४ ऑगस्ट

नाही लंगडला.

५ ऑगस्ट

लंगडला.

८ ऑगस्ट

चार दिवस मी दुसरं काम हातात घेतलेलं नाही. त्याला ओट्यावरून चालवतो आणि बसून बघतो. डावा पाय तो लवकर उचलतो. दुकान बंद केल्यावर फितीनं मापलं. पुढचा डावा उजव्यापेक्षा किंचित आखूड आहे. तीनदा मापलं. एकदा सारखा भरला, पण तेव्हा तो हलला होता.

मुलगी म्हणाली, काहीही लंगडणं दिसलं तर कळवा असं केंद्रानं सांगितलंय. मी म्हटलं, कळवू, आधी मला बघू दे. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिचं मत माझ्याविरुद्ध असतं.

कळवलं तर ते त्याला घेऊन जातील. तिथे कुणीतरी त्याच्यावर शिक्का मारेल. मी असताना ही वेळ का यावी?

१२ ऑगस्ट

बूट झाला. मऊ चामड्याचा, आत पातळ कॉर्क, वर दोन पट्टे. माझ्या हातून याआधी इतकं लहान काम झालं नव्हतं. शिवण बाहेरून दिसत नाही. पाहुण्यानं तो आधी चावून पाहिला. मग पाय झटकत दुकानभर फिरला. घड्याळजी हसून हसून खाली बसला. हसू दे.

१९ ऑगस्ट

डावा पाय बरा झाला. आठवड्यात. तो त्यावर नीट जोर देऊन उभा राहतो. बूट काढल्यावरही.

बायकोला दाखवलं. घड्याळजीला हाताला धरून आणून दाखवलं. त्यालाही मान हलवावी लागली. मुलगी म्हणाली, छान, बाबा. तिचं छान मी ओळखतो, पण आज मला फिकीर नव्हती. इतकी वर्षं माणसांचे पाय पाहिले, त्याचा उपयोग मुक्या जिवालाही झाला.

२ सप्टेंबर

आता मागचा उजवा.

यात नवल नाही. माणसाचंही असंच होतं. एका पायाची खोट काढली की भार दुसरीकडे सरकतो आणि तिथली खोट उघडी पडते. पहिला बूट योग्य होता याचाच हा पुरावा. दुसरा करायला घेतला.

१३ सप्टेंबर

मागचा उजवा बरा. दहा दिवस लागले. मागच्या पायाला ढोपराचा कोन असतो, त्यामुळे बूट बसवणं अवघड. तरी जमलं.

१८ सप्टेंबर

पुढचा उजवा.

घड्याळजी म्हणाला, चौथा पाय राहिलाय, तोही उरकून टाक आणि दुकानाची पाटी बदल. मुलगी जेवताना म्हणाली, "बाबा, चारी पायांना कॉर्क लावलात तर तो सरळ नाही होणार, फक्त उंच होईल."

बायको हसली. मी जेवण संपवून उठलो. तिसरा बूट कापून ठेवला आहे.

२४ सप्टेंबर

तिसरा बूट घातला तरी आज लंगडणं जास्त. संध्याकाळी मुलगी त्याला फिरवून आणते तेव्हा मी खिडकीतून बघतो. माझ्याबरोबर तो दिवसा ओढत पुढे जातो. तिच्याबरोबर मात्र प्रत्येक दोन पावलांमागे कुठेतरी अडतो. हा चौथा दोष. कोणत्या पायात आहे ते सापडत नाही.

२७ सप्टेंबर

मुलीनं मला न विचारता केंद्राला कळवलं आणि जनावरांच्या डॉक्टरची वेळही घेतली. तिनं हे मला कोट घालताना सांगितलं. मी म्हटलं, वेळ घेतलीच आहेस तर चल. मी घेतलेली मापं कागदावर होती, तो कागद बरोबर घेतला.

डॉक्टर म्हणजे तरुण पोरगी. आमच्या मुलीपेक्षाही लहान असेल. तिनं कागद घेतला, नीट वाचला, बाजूला ठेवला आणि पाहुण्याला चटईवर आडवं केलं. सांधे एकेक करून वाकवले. तो स्वस्थ. मग सांध्यांपासून दूर, हाडाच्या मधोमध अंगठा दाबला. तो ओरडला. इतके दिवस मी त्याचे पंजे आणि सांधे तपासत होतो. हाडाला मी हात लावला नव्हता. माणसाची खोट तिथे नसते.

फोटो काढले. खुब्याचे सांधे चांगले आहेत, ही पहिली गोष्ट तिनं सांगितली. मग फोटोत बोट ठेवून दाखवलं: हाडाच्या पोकळीत ढगांसारखे पांढुरके डाग. वाढत्या वयातल्या मोठ्या कुत्र्यांना हे होतं. हाड आतून दुखतं. आज या पायात, पंधरवड्यानं त्या पायात. बरं वाटतं, पुन्हा उलटतं. एक पाय सोडून दुसरा धरतं, म्हणूनच ते ओळखता येतं.

पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा.

खाण्याबद्दल विचारलं. बायको बरोबर आली होती. तिनं दूध, अंडी, गोळी सगळं अभिमानानं सांगितलं. डॉक्टरनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे सगळं आजपासून बंद. याला गोळी नको, याच्या खाण्यात ते पुरेसं आहे, वरून दिलं तर हाडांचं नुकसानच होतं. वजनही उतरवायचं. बायकोचं तोंड एवढंसं झालं. जिना बंद. उड्या बंद. दुखेल त्या दिवसांत औषध आणि विश्रांती.

बूट तिनं हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "काका, काम फार सुंदर आहे," म्हणाली. "पण काढून ठेवा. पाय आखूड नाहीत त्याचे."

मग हे जाणार कसं, मी विचारलं.

"आपोआप जाईल. वाढ संपली की."

२८ सप्टेंबर

आपोआप.

मुलगी उभं राहायला शिकली तेव्हा एका कमरेनं कलायची. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, वाढेल तसं आपोआप सरळ होईल. आम्ही वाढायची वाट पाहिली. ती वाढली आणि फरकही वाढला. तोवर मी साधे बूट करत होतो, लग्नाचे, कचेरीचे. त्यानंतर नाही.

त्या पोरसवदा डॉक्टरला हे कसं सांगणार?

१० ऑक्टोबर

केंद्राचं उत्तर आलं. डॉक्टर सांगतात तसं करा. निर्णय चालीच्या परीक्षेत. तेव्हा लंगडला तर त्याला ठेवून घ्यायचा पहिला हक्क आमचा.

बायकोनं ते दोनदा वाचायला लावलं. नंतर भांडी पुसताना म्हणाली, अहो, लंगडा राहिला तर आपलाच की. मी म्हटलं, काय बोलतेस. ती म्हणाली, मी कुठे काय बोलले.

खोटं कशाला लिहू, क्षणभर मलाही ते गोड वाटलं. पण माझ्या दुकानातून तो लंगडत कुणाच्या तरी पायाशी जाऊन पडणार, हे मला नको. त्यानं ताठ मानेनं जावं.

२६ ऑक्टोबर

फार वाईट दिवस. पाहुण्याला ताप. खाल्लं नाही. मोजून दिलेलंही नाही. उठवलं तर कुठल्या पायावर भार द्यावा हे त्याला कळेना. डॉक्टर दुकानात येऊन गेली. औषध वाढवलं. अशी उसळी येते, म्हणाली, घाबरू नका. जाताना मात्र पुन्हा उद्या येते म्हणाली.

जिना बंद असल्यानं त्याला मी उचलून वर नेतो आणि खाली आणतो. आता तो भलताच जड आहे. गिऱ्हाईक दार धरतं. आज खालीच अंथरूण टाकलं आहे, बाकाशेजारी.

२९ ऑक्टोबर

उठून पाणी प्यायला. बायकोनं स्वतःच्या हातानं त्या कंजूष भांड्यानं मोजून दिलं. वर काही टाकलं नाही. भांडं पुन्हा पुन्हा सपाट करत होती.

१५ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहितो.

दुकानात कोणी नव्हतं. पाहुणा पुढचा डावा पाय पुन्हा वर धरून उभा होता. तोच पाय, जो मी बरा केला होता. मी पेटीतून पहिला बूट काढला आणि चढवला. पाय थोराड झाला आहे, पट्टे ताणावे लागले. तो दोन पावलं चालला आणि खाली बसला. माझ्याकडे पाहिलं आणि पंजा पुढे केला, काढा म्हणून.

मुलगी दारात होती. शाळा लवकर सुटली होती. तिनं खाली बसून पट्टे सोडले.

मी म्हटलं, नुसतं बसून बघणं मला जमत नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण बाबा, माझ्या पायाला उंची कमी होती, ती तुम्ही दिलीत. याला काहीच कमी नाहीये. दुखतंय फक्त."

"तुझ्या वेळीही आपोआप जाईल म्हणाले होते. गेलं नाही."

"नाही गेलं." तिनं बूट माझ्या हातात दिला. "मग काय अडलं माझं?"

तिचं खरंच काय अडलं, ते बराच वेळ आठवत बसलो. काही आठवलं नाही. माझ्या बुटांमुळे अडलं नाही, असं मनात आलं. तेही तिला विचारून बघायला हवं.

२० डिसेंबर

मागचा डावा. फक्त दोन दिवस. औषध, विश्रांती, गेला. बुटाशिवाय गेला.

मुलगी म्हणते, आधीचेही तसेच गेले असते. मी म्हणतो, बूट होते म्हणून लवकर गेले. डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, काका, तुम्ही त्याला उचलून जिने चढलात, त्याचा जास्त उपयोग झाला. हे उत्तर नव्हे. पण घड्याळजीला मी तेवढं सांगितलं.

११ फेब्रुवारी

सबंध जानेवारी लंगडणं नाही. सकाळचं आखडणंही नाही. उठतो तो चारी पायांनी एकदम. अंगानं सडसडीत झाला आहे, पाठीचा घाट दिसतो. बायको अजून म्हणते वाळला. पण काल तिनं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं: आमच्याकडे सगळं मापात असतं.

डॉक्टरनं पुन्हा फोटो काढले. डाग विरत चालले आहेत. जिना चालू. पहिल्या दिवशी तो खाली उभा राहून माझी वाट बघत होता, उचलण्यासाठी.

३० मार्च

उद्या परीक्षा. बायकोनं त्याला विंचरलं. मी मुलीच्या बुटांना पॉलिश केलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

३१ मार्च

केंद्राच्या आवारात एक लांबलचक सरळ सिमेंटची वाट आहे. बाई एका टोकाला खुर्ची टाकून बसल्या. म्हणाल्या, ज्याच्याबरोबर चालायची याला सवय आहे त्यानं आधी चालवावं. मी पुढे झालो. बायकोनं मला बाहीला धरून मागे ओढलं आणि मुलीकडे बोट केलं.

ती निघाली. पाहुणा तिच्या डाव्या बाजूला. पहिल्या चार पावलांतच मला दिसलं: तो अडत होता. दोन पावलं, आणि बारीकसा थांबा. दोन पावलं, थांबा. खिडकीतून पाहिलं होतं तेच. वर्षभराचं सगळं डोळ्यांसमोर पाण्यात चाललं. बायकोनं माझी बाही सोडली नव्हती. तिच्या मनात काय होतं मला माहीत आहे. तरी तिची मूठ आवळलेली होती.

बाईंनी पुन्हा चालायला सांगितलं. पुन्हा तेच. मग त्या उठल्या, मुलीच्या हातून पट्टा घेतला आणि स्वतः निघाल्या. पाहुणा सूत धरल्यासारखा गेला आणि आला. कुठे अडला नाही. त्यांनी वेगानं नेलं, हळू नेलं, वळवलं. रेघ मारावी तसा.

परत येऊन त्या मुलीला म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या डाव्या पायाला काही आहे का?"

"आखूड आहे," मुलगी म्हणाली. "बाबांनी बूट केलेत."

बाईंनी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, बूट उत्तम आहेत, वर्षभरात मला कळलं नाही. हे त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. इथे लिहून ठेवतो.

मग म्हणाल्या, "याला मात्र कळलंय. तुमचं डावं पाऊल जरा उशिरा पडतं. तो तेवढा थांबतो."

मी सांगितलं की मला तो दोष वाटला होता. त्या म्हणाल्या, दोष असता तर माझ्याबरोबरही दिसला असता. आपल्या माणसाच्या पावलाला पाऊल देणं आम्ही इथे महिनोन् महिने शिकवतो. काहींना शेवटपर्यंत येत नाही. हा घरून शिकून आलाय. त्याला कुणी शिकवलं?

तिच्या बुटाला मी दिलेल्या टाचेनं सगळ्यांना चकवलं होतं. बाकाखालचा एक जण चकला नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. वाटलं नाही.

बाईंनी सही केली. बायको म्हणाली, झाला का पास मेला, आणि तोंड फिरवलं.

मुलगी त्याला आत सोडायला गेली. बराच वेळ लागला. मग ती मोकळा पट्टा हाताला गुंडाळत आवार ओलांडून आमच्याकडे आली. तिचे डोळे लाल होते आणि मान ताठ होती. वाटेत दोन शिकाऊ कुत्र्यांना घेऊन एक माणूस चालला होता, त्याला तिनं आधी जाऊ दिलं नाही, स्वतःच पुढे निघाली.

घरी येताना बायकोनं विचारलं, आवारातून येताना पोरीच्या बुटाची टाच नीट पडत होती ना. मुलगी लांबून येताना मी नेहमी तेवढंच बघतो.

आज मी तिचं तोंड बघत होतो.